हिंगणघाटची बनी : एका हरवलेल्या कपाशीची कथा

एकोणिसाव्या शतकातील लिव्हरपूलच्या कापूस बाजाराची दरपत्रके चाळताना आपल्याकडची काही गावे वेगळ्याच रूपात भेटतात. 'ऊम्रावटी' म्हणजे अमरावती. 'धोलेरा' आणि 'ब्रोच' गुजरातेतले, 'धारवार' आणि 'कॉम्प्टा' कर्नाटकातले. या यादीत 'हिंगनघाट' हेही नाव असे, आणि मध्य हिंदुस्थानातून येणाऱ्या मालात त्याचा भाव वरचा असे. वेणा नदीकाठच्या, आज वर्धा जिल्ह्यात असलेल्या त्या गावाचे नाव इंग्लंडमधील गिरणीवाल्याला ठाऊक होते ते तिथल्या कपाशीमुळे. त्या कपाशीला स्थानिक लोक 'बनी' म्हणत.

आज हिंगणघाटची बाजार समिती विदर्भातील कापसाच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेत बनी नाही. ती कोणी मागत नाही आणि बहुतेकांना ती आठवतही नाही. ती कोणत्या दुष्काळाने मारली नाही, कोणत्या रोगाने संपवली नाही, कोणत्या सरकारने तिच्यावर बंदी घातली नाही. मग ती गेली कशी? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर माझ्या लक्षात आले की बनीची कथा ही एका वाणाची कथा नाही. शेतातील बियाण्याची विविधता कशी आटत जाते, आणि ती आटताना प्रत्येक पायरीवर प्रत्येकजण कसा शहाणपणानेच वागत असतो, याचा तो दाखला आहे.

दोन कुळे

आधी कपाशीचे गोत्र समजून घेऊ. जगात कपाशीच्या चारच जाती लागवडीखाली आहेत. त्यांपैकी दोन जुन्या जगातील : गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम. यांना आपण 'देशी' म्हणतो. दोन नव्या जगातील : हिर्सुटम, म्हणजे आपली 'अमेरिकन' कपाशी, आणि बार्बाडेन्स, म्हणजे इजिप्शियन किंवा सी-आयलंड म्हणून ओळखला जाणारा लांब, तलम धाग्याचा कापूस. या चारही जाती व्यापारी प्रमाणावर पिकवणारा देश म्हणून भारताचे नाव घेतले जाते.

देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२. हा फरक केवळ पुस्तकी नाही. यामुळे दोन्ही कुळांचा संकर सहजासहजी होत नाही, आणि झालाच तर संतती बहुधा वांझ निघते. म्हणजे देशी कपाशीतला एखादा गुण अमेरिकन कपाशीत आणायचा, तर संशोधकाला अनेक वर्षे, अनेक पिढ्या खटपट करावी लागते. देशी कपाशी नाहीशी झाली तर तिचा गुण दुसरीकडून उसना आणता येईल, अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

या देशी कुळाची आपल्या भूमीशी ओळख फार जुनी. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तांब्याच्या एका मण्यात कापसाच्या धाग्याचे अवशेष सापडले, ते इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकातील मानले जातात. मोहेंजोदडोला कापसाचे कापड सापडले आहे. इतक्या काळात ही कपाशी मुलुखामुलुखाप्रमाणे बदलत गेली. कुठे ती पाच महिन्यांत येणारी झाली, कुठे वर्षानुवर्षे उभे राहणारे झाड झाली. कुठे फुले पिवळी, कुठे पांढरी, कुठे लाल. कुठे बोंड लहान पण धागा रेशमासारखा, कुठे बोंड भरघोस पण धागा आखूड. ढाक्याची मलमल ज्या 'फुटी कापास' नावाच्या कपाशीतून निघे, तीही आर्बोरियमचीच एक लेक. ती कपाशीही अशीच हातची गेली, आणि बांगलादेशातील अभ्यासक वनस्पती संग्रहालयांतील वाळलेल्या नमुन्यांशी पाने जुळवत तिचा माग काढत आले आहेत.

बनी याच आर्बोरियम कुळातील. पिवळ्या फुलांची, बोंड लहान, पण धागा मऊ, बळकट आणि आसपासच्या इतर देशी कपाशींपेक्षा लांब. सुताचा 'नंबर' जितका मोठा तितके सूत बारीक. पौंडभर वजनात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, यावर तो ठरतो. वऱ्हाडातील सर्वसाधारण कापसातून दहा-बारा नंबरचे जाडेभरडे सूत निघे. बनीतून त्याच्या दुपटी-तिपटीच्या नंबरचे निघे.

बी घरात होते तेव्हा

रेल्वे येण्यापूर्वी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून गंगेच्या प्रवाहाने पुढे. या प्रवासात माल भिजे, धूळ खाई, कमी होई. पण एक गोष्ट तेव्हा घडत नसे. बी शेतकऱ्याच्या घराबाहेर जात नसे.

कारण साधे होते. वेचलेला कापूस घरी येई आणि घरातल्या बायका हाती चरखीवर त्याची सरकी काढत. रुई विकली जाई, सरकी घरात राही. काही गुरांना जाई, काही पुढच्या पेरणीला. कोणत्या वावरातला कापूस चांगला होता, कोणत्या झाडाला बोंडे लागली, कोणता धागा चरखीवर तुटत नाही, हे त्या बायकांच्या बोटांना ठाऊक असे. बी निवडीचे काम स्वतंत्रपणे कोणी करत नव्हते. ते सरकी काढण्याच्या कामातच होऊन जाई. हिंगणघाट परिसरात बनी शुद्ध राहिली याचे बरेचसे श्रेय या व्यवस्थेला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा डोळा मात्र अमेरिकन कपाशीवर होता. १८४० मध्ये कंपनीने अमेरिकेतून दहा अनुभवी मळेवाले हिंदुस्थानात आणले आणि त्यांना मुंबई, मद्रास व उत्तरेकडे वाटून दिले. बहुतेक ठिकाणी प्रयोग फसले. अमेरिकन कपाशी टिकली ती मुख्यतः धारवाडकडे. बाकी मुलुखाने तिला नाकारले, कारण इथला पाऊस, इथली कीड आणि इथली काळी जमीन यांच्याशी देशी कपाशीने जशी सोयरीक केली होती तशी तिची नव्हती.

१८५३ मध्ये वऱ्हाड निझामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे अडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत सोन्याचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांचे नाव घरोघरी झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. हा इतिहास सर्वांना परिचित आहे. कमी परिचित आहे तो त्याचा बियाण्यावरचा परिणाम. भाव इतके चढले होते की कापूस कसला आहे हे कोणी पाहीना. चांगल्यात वाईट मिसळणे, दगड-पाणी घालणे इतके वाढले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला.

युद्धानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त म्हणून हॅरी रिव्हेट-कारनॅक या तरुण अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याचे अहवाल आजही वाचनीय आहेत. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या : कापूस लवकर मुंबईला पोचावा आणि कापूस चांगला असावा. पहिली गोष्ट साधली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या बाजाराला जोडणाऱ्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. दुसऱ्या गोष्टीसाठी त्याची भिस्त हिंगणघाटच्या बियाण्यावर होती. हे बी आसपासच्या मुलुखात पसरावे म्हणून त्याने खटपट केली. परदेशी बियाण्यामागे धावण्यापेक्षा घरातले उत्तम बी वाढवावे, हा त्याचा विचार आज वाचताना फार योग्य वाटतो. पण ज्या रेल्वेचे त्याला कौतुक होते, तिनेच त्याच्या दुसऱ्या हेतूचा पाया उखडला.

सरकी कारखान्यात गेली

रेल्वेच्या मागोमाग वाफेवर चालणारे जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. मॅकार्थी पद्धतीच्या रोलर जिनने चरखीचे काही दिवसांचे काम तासांत होऊ लागले. बायकांच्या मागचा एक कष्टाचा उद्योग सुटला, त्याबरोबर त्यांची चार पैशांची मिळकतही सुटली. आणि कपाशीच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल तेव्हा घडला. शेतकरी आता कापूस सरकीसकट विकू लागला. पन्नास गावांच्या कापसाची सरकी कारखान्याच्या एका ढिगाऱ्यात पडू लागली. पेरणीच्या वेळी शेतकरी त्याच ढिगातून बी विकत घेऊ लागला. त्यात बनी किती, दुसरे काय किती, हे सांगणारे कोणी नव्हते.

आपण बियाण्याच्या परावलंबनाची सुरुवात संकरित वाणांपासून मोजतो. माझ्या मते ती सुमारे शंभर वर्षे आधीची, जिनिंग कारखान्याच्या दारातली आहे.

तरीही नुसत्या मिसळीने बनी संपली नसती. मिसळलेल्या ढिगातून कोण वर येणार, हे बाजाराने ठरवले. इथे थोडे गणित मांडतो. शंभर किलो कापसातून किती रुई निघते, त्याला 'रुईचा उतारा' म्हणतात. बनीचा उतारा कमी, तिसाच्या आत. त्याच मुलुखात आखूड, जाड धाग्याच्या काही देशी कपाशी होत्या. त्यांचा उतारा चाळिसाच्या घरात जाई. समजा बनीची रुई २८ किलो निघाली आणि दुसरीची ४०. तर दोघांचे पैसे सारखे होण्यासाठी बनीच्या रुईला किलोमागे सुमारे ४३ टक्के जास्त भाव मिळायला हवा. शिवाय आखूड धाग्याची कपाशी काटक, लवकर येणारी आणि एकरी जास्त पिकणारी. म्हणजे फरक आणखी वाढवायला हवा. इतका जास्त भाव बनीला कधीच मिळाला नाही.

का मिळाला नाही? कारण गिऱ्हाईक बदलले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लँकेशायरने पुन्हा अमेरिकन कापसाकडे तोंड वळवले होते. आपला कापूस जाऊ लागला तो मुंबईच्या गिरण्यांकडे, जर्मनीसारख्या युरोपीय देशांकडे आणि पुढे मोठ्या प्रमाणावर जपानकडे. १८९३ मध्ये मुंबई ते जपान अशी थेट आगबोटीची वाहतूक सुरू झाली. तीत जमशेदजी टाटांचा पुढाकार होता. मुंबईच्या गिरण्या चीनसाठी जाडे सूत कातत होत्या, जपानही आखूड धाग्याचा स्वस्त कापूस दुसऱ्यात मिसळून वापरत होता. जाड्या सुताला तलम धागा कशाला? बाजारात 'ऊम्रा' या एकाच नावाखाली वऱ्हाड-खानदेशचा सगळा आखूड कापूस खपू लागला. हिंगणघाटच्या नावाखाली गाठी बांधून त्यांत हलका माल भरण्याचा मोह व्यापाऱ्याला होई. आणि बनी शुद्ध ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळे तो मिसळीचा.

वऱ्हाडात या मिश्र, आखूड धाग्याच्या कपाशीला 'जरी' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी शेतकी खात्याने या मिसळीतील कपाशी एकेक करून वेगळ्या काढल्या. नागपूर-अकोल्याच्या प्रक्षेत्रांवर डेव्हिड क्लाउस्टन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हे काम झाले. त्यात पांढऱ्या फुलांची 'रोझियम' उताऱ्यात आणि पिकात सर्वांत सरस ठरली. खात्याने तिचे शुद्ध बी तयार करून शेतकऱ्यांत वाटले. काम चोख होते आणि शेतकऱ्यांच्या हातात चार पैसे जास्त आले, हेही खरे. पण ज्या सरकारच्या एका अधिकाऱ्याने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हिंगणघाटचे बी पसरवण्याचा ध्यास घेतला होता, त्याच सरकारचे खाते आता नेमके उलट टोकाचे बी पसरवत होते. रोझियमचा धागा पाऊण इंचाच्याही आतला.

त्या काळातील मध्य प्रांताची गॅझेटियरे उघडली तर वर्धा जिल्ह्याच्या वर्णनात नोंद सापडते की प्रसिद्ध बनी जाऊन तिच्या जागी जाडी जरी आली आहे. एका ओळीची नोंद. अधिकाऱ्याला तिच्यात दुःख करण्यासारखे काही वाटले नसावे. शेतकऱ्याने आपले हित ओळखले, एवढाच तिचा अर्थ. आणि तो चुकीचाही नाही.

निझामाच्या हद्दीत

चाक लवकरच पुन्हा फिरले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातील लांब धाग्याच्या कापसाची टंचाई जाणवू लागली. १९१७ मध्ये मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली कापूस समिती नेमली गेली. तिने देशभर हिंडून जिनिंग कारखान्यांतील सरकीच्या मिसळीवर, गाठींतील भेसळीवर बोट ठेवले. तिच्या शिफारशीनुसार १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२३ मध्ये हलका कापूस चांगल्या कापसाच्या पट्ट्यात नेण्यावर बंधन घालता येईल असा कायदा झाला, १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. १९२४ मध्ये माटुंग्याला कापसाच्या धाग्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा उभी राहिली. ती आजही काम करते आहे. रोझियमच्या जागी 'व्हेरम', खानदेशात मर रोगाला तोंड देणारी 'जरीला' अशा मध्यम धाग्याच्या नव्या निवडी आल्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जे बी उत्तम म्हणून वाटले तेच आता नको झाले होते.

पण बनी? ब्रिटिश मुलुखात तिचे शुद्ध पीक जवळपास उरले नव्हते. ती उरली होती पैनगंगेच्या पलीकडे, निझामाच्या राज्यात. नांदेड-परभणीच्या पट्ट्यात तिची सख्खी बहीण 'गावरानी' या साध्या नावाने पिकत होती. वनस्पतिशास्त्रज्ञ दोघींना एकाच गटात बसवतात आणि जुन्या अहवालांत ही नावे अनेकदा जोडीनेच येतात. तिथे रेल्वे आणि कारखाने उशिरा पोचले, त्यामुळे मिसळही उशिरा सुरू झाली. आणि ती वाढण्याच्या आत, १९३० च्या आसपास, निझाम सरकारने कायदा करून गावरानीच्या पट्ट्यात परकी कपाशी लावण्याला व आणण्याला अटकाव केला. गावरानीतून निवडलेली 'गावरानी-६' शेतकऱ्यांपर्यंत पोचवली गेली.

गावरानी टिकली याचे कारण तिथला शेतकरी अधिक परंपरानिष्ठ होता, असे नाही. तिच्या धाग्याला वेगळा भाव मिळावा म्हणून तिचे नाव आणि पट्टा राखणारी व्यवस्था तिथे उभी राहिली. हिंगणघाटला ती वेळेवर उभी राहिली नाही. वाण टिकण्यासाठी जिव्हाळा लागतोच, पण जिव्हाळ्याला बाजारात जागा असावी लागते.

नावे हजार, जनुक एक

१९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा आपल्याकडील कपाशीच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींखाली होते असे सांगितले जाते. लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीचा सिंध-पंजाबातील मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला आणि गिरण्या मात्र इकडे राहिल्या. त्यामुळे अमेरिकन कपाशी वाढवणे ही नव्या देशाची गरज झाली. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. १९८० च्या दशकात नांदेडच्या संशोधन केंद्रातून 'एनएचएच-४४' हा अमेरिकन संकर निघाला आणि 'नांदेड-४४' या नावाने महाराष्ट्रभर गाजला. ज्या नांदेडच्या मातीत गावरानी जपली गेली होती, तिथूनच तिला मागे सारणारे बी निघाले. त्यात कोणाचा दोष नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याला त्या बियाण्याने चांगले दिवस दाखवले, हे आजही म्हातारे कास्तकार सांगतात.

संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरच्या सरकीतून तेच पीक येत नाही. कारखान्याच्या दारात सुरू झालेला प्रवास इथे पूर्ण झाला. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा वर्षांच्या आत देशातील कपाशीचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिच्याखाली गेले. बाजारात एक हजाराहून जास्त बीटी संकरांना मान्यता मिळालेली होती. कृषी सेवा केंद्रात उभे राहिले की पाकिटांच्या रंगांनी डोळे दिपत. ही विविधताच वाटे. पण त्या बहुसंख्य पाकिटांतील अमेरिकन कपाशीत बोंडअळीला मारणारी एक किंवा दोन तीच ती जनुके होती. नावे हजार, भरवसा एकाच ठिकाणी.

आधी अळी हटली, फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले. मग मुख्यतः कपाशीवरच जगणाऱ्या शेंदरी बोंडअळीने त्या विषाला दाद देणे सोडले. गुजरातेत आधी, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार केला. बाहेरून हिरवे दिसणारे बोंड फोडले की आत काळी पडलेली सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर-शेतकरी दगावले. कर्ज, भाव, पाऊस अशी त्या संकटाची अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष बियाण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. देशी कपाशीलाही बोंडअळी लागतेच. पण सगळ्या वावरांत एकच ढाल असेल आणि ती फुटली, तर दुसरी ढाल शोधायला वेळ मिळत नाही, एवढे त्या वर्षाने शिकवले.

याचा आणखी स्पष्ट पुरावा सीमेपलीकडे आहे. १९९१-९२ मध्ये पाकिस्तानात कापसाच्या सव्वा कोटींहून अधिक गाठी निघाल्या. मुलतानकडे पानांना वेढे पाडणारा विषाणू, म्हणजे पर्णगुच्छ रोग, पसरत होता. 'एस-१२' हा भरघोस पिकणारा अमेरिकन वाण सर्वदूर लावलेला होता आणि तो या रोगाला सर्वांत आधी बळी पडला. दोन वर्षांत उत्पादन ८० लाख गाठींच्या आसपास आले. १९९३ पासून राजस्थानातील श्रीगंगानगर भागातही हा रोग दिसू लागला. त्याच परिसरात, त्याच पांढऱ्या माशीच्या ढगाखाली उभ्या असलेल्या देशी कपाशीला मात्र त्याने हातही लावला नाही. देशी आर्बोरियम या विषाणूला जन्मतःच बधत नाही. आखूड धागा, लहान बोंड म्हणून जिची किंमत शून्य ठरवली होती, तिच्या अंगात हा गुण शतकानुशतके गुपचूप होता. बाजाराच्या कोणत्याही दरपत्रकात त्याचा रकाना नव्हता.

पिकांच्या विविधतेचे मोल मोजण्यातली खरी अडचण हीच आहे. आज जो गुण उपयोगाचा आहे त्याला भाव असतो. उद्या जो लागेल त्याला आज भाव नसतो, कारण तो कोणता हे आज कोणालाच माहीत नसते.

जपणे म्हणजे पेरणे

मग जपायचे कसे? १९७६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो आणि नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. नागपूरच्या संग्रहात देशी आर्बोरियमचे दीड हजारांहून अधिक नमुने आहेत. हे फार मोठे काम आहे आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

पण शीतगृहात उणे १८ अंशांवर ठेवलेले बी म्हणजे तिजोरीतले सोने नव्हे. सरकी तेलकट असते. तिची उगवण हळूहळू कमी होत जाते. ठरावीक वर्षांनी प्रत्येक नमुना शेतात पेरावा लागतो, मधमाश्यांनी शेजारचे पराग आणू नयेत म्हणून फुले बांधावी लागतात, नवी सरकी काढून पुन्हा साठवावी लागते. एका हंगामाला मजूर मिळाले नाहीत किंवा निधी आला नाही, तर नमुना क्रमांक यादीत राहतो आणि पिशवीतले बी मेलेले असते. शिवाय थंड पेटीतले बी जिथे थांबले तिथेच थांबते. बाहेर अळी बदलते, पाऊस बदलतो. त्यांच्याबरोबर बदलायचे तर बी वावरात असावे लागते. पेटी आणि वावर, दोन्ही हवीत.

वावरात ते राहील कसे, याचे उत्तर बनी आणि गावरानीच्या तुलनेत आहे. शेतकऱ्याने तोटा सोसून वारसा जपावा, ही शहरातल्या माणसाची अपेक्षा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा सर्वांना आनंद आहे. पण सत्काराने एक वाण एक पिढी टिकतो. भावाने तो पुढेही टिकतो. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पारंपरिक वाणाची नोंद स्वतःच्या नावाने करण्याचा हक्क दिला आहे. त्या नोंदीला बाजाराची जोड मिळायची आहे.

आशेची एक खूण परभणीत आहे. तिथल्या कृषी विद्यापीठाने गेल्या काही दशकांत लांब धाग्याच्या देशी कपाशीचे वाण दिले : 'परभणी तुराब' म्हणजे पीए-२५५, 'विनायक' म्हणजे पीए-४०२, आणि त्यानंतरचे आणखी काही. नव्या वाणांचा धागा २८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चांगल्या अमेरिकन कापसाच्या बरोबरीचा. हे सरळ वाण आहेत. त्यांची सरकी घरात ठेवून पुढच्या वर्षी पेरता येते. 'देशी म्हणजे आखूड' हे समीकरण शंभर वर्षे शिकवले गेले. ते देशीच्या अंगातले मर्म नव्हते; आपण उताऱ्याच्या मागे लागून आखूड तेवढी निवडली होती. तलम धागा त्या कुळात पूर्वीही होता. हिंगणघाटच्या दरपत्रकात त्याची साक्ष आहे.

तरीही देशी कपाशीचे क्षेत्र आज देशात दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. देशी कापूस वेगळा विकत घेणारी, वेगळा पिंजणारी साखळी नाही. जिनिंगवाला म्हणतो, चार क्विंटलसाठी यंत्र साफ कोण करणार? म्हणजे प्रश्न फिरून त्याच कारखान्याच्या दारात आला. दीडशे वर्षांपूर्वी बनीची सरकी जिथे हरवली, तिथेच आज परभणीच्या देशी कापसाची रुई हरवते.

विदर्भात कापूस वेचणीच्या आरंभी वावरात 'सीतादही' करण्याची रीत आहे. पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभात ठेवायचा आणि मगच पहिला कापूस वेचायचा. अनेक घरांच्या परसात वातींसाठी देवकापसाचे एखादे झाड असते. ते कोणत्या कुळाचे आहे हे सहसा कोणी विचारत नाही. रीती टिकल्या आहेत. ज्या पऱ्हाटीची पूजा होते ती मात्र दर दहा-वीस वर्षांनी बदलते, आणि बदललेली पऱ्हाटी कुठे गेली याची नोंद गॅझेटियरमधल्या एखाद्या ओळीपुरती उरते.

बनीबाबत ती ओळ तरी लिहिली गेली. आणि तिची बहीण पैनगंगेच्या पलीकडे जिवंत राहिली, म्हणून निदान तिच्या कुळाची परीक्षा आज शेतात घेता येते. ज्यांच्या वाट्याला ना ओळ आली ना बहीण, अशा कपाशी किती होत्या, याचा हिशेब आता कोणत्याही दप्तरातून निघणार नाही. ज्यांचा निघू शकतो त्यांचे बी या जूनमध्ये कुठेतरी पेरले गेले पाहिजे, आणि त्याची रुई वेगळी बांधून घेणारे एखादे तरी जिन त्या तालुक्यात असले पाहिजे.